हॉल भरायचाय

मध्यंतरी भाच्याचा फोन आला. "मामा, गुरुवारी सकाळी मोकळा आहेस?" मी सावध झालो. भाचा एका जैववैद्यकीय संशोधन विद्यापीठात सहा वर्षं पीएचडी करतोय आणि फोन सहसा उंदीर मेल्यावरच करतो.

"आमच्याकडे आंतरराष्ट्रीय सेमिनार आहे. हॉल भरायचाय."

"मला त्यातलं काय कळणार?"

"कळायला नकोय रे. बसायला हवंय."

आंतरराष्ट्रीय अशासाठी की पाहुणे बाल्टिमोरला असतात आणि तेव्हा आईला भेटायला कोथरूडला आले होते. विषय होता आतड्यातले जिवाणू. खुर्च्या अडीचशे, पीएचडीचे विद्यार्थी साठ. त्यातले वीस प्रयोगशाळेत अडकलेले, कारण पेशींना वेळेवर खायला घालावं लागतं आणि पेशींना परिपत्रक गेलेलं नसतं. मग नर्सिंगच्या मुलींची एक बस आणली गेली, ग्रंथालयाचा कर्मचारीवर्ग आला, आणि मी. मागच्या दोन रांगांत शहरातले डॉक्टर होते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते सही करून आत आले आणि चहाच्या दिशेने बाहेर पडले.

अकराचा कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला. समई पेटेना. पंखे बंद केले, मग एसी बंद केला. व्यासपीठावर जीवरसायनशास्त्राचे तीन प्राध्यापक एका वातीभोवती ओंजळ धरून उभे होते. शेवटी शिपायाने खिशातून लायटर काढला. त्या दिवशी यशस्वी झालेला तो एकमेव प्रयोग.

मग रोप, शाल, श्रीफळ, विद्यापीठगीत. पाहुण्यांचा परिचय करून देताना बाईंनी त्यांचे शोधनिबंध नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरसकट, दशांश चिन्हासकट वाचले. आपण एवढं लिहिलंय हे पाहुण्यांनाही नवीन असावं. त्यानंतर कुलगुरू उठले. ते सुश्रुतापासून निघाले आणि आतड्यापर्यंत यायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली. वाटेत नालंदाला थांबले होते.

मला राहून राहून हाफकिन आठवत होते. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत त्या गृहस्थाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे जेमतेम निभावून नेण्यासारखी जागा होती. आज असते तर टोचायच्या आधी त्यांचा सत्कार झाला असता, आणि सत्कार संपेपर्यंत प्लेग आपोआप ओसरला असता.

पाहुणे उभे राहिले तेव्हा चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाची अठरा उरली होती. लॅपटॉप प्रोजेक्टरला दिसेना, त्यात चार गेली. स्लाइड चौऱ्याहत्तर. पाहुणे "हे आपण जरा पटकन बघू" म्हणत त्या अशा सरकवत होते की खिडकीतून लोकलची स्टेशनं बघतोय असं वाटावं. दिवे मंद, एसी पुन्हा सुरू, आवाज एका सुरात. व्याख्यानात माना का पडतात यावर कॅनडातल्या डॉक्टरांनी माना मोजून एक मिश्कील शोधनिबंध 2004 मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलाय. मंद प्रकाश, उबदार खोली, आरामशीर खुर्ची, एकसुरी आवाज आणि वक्त्याचं ट्वीडचं जाकीट ही त्यांनी नोंदवलेली कारणं. आमच्याकडे ट्वीड नव्हतं, पण शाल होती.

आणि मग मध्येच काहीतरी घडलं. एका स्लाइडवर पाहुणे थांबले. रिमोट खाली ठेवला आणि चक्क मराठीत बोलू लागले. उंदीर जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वाढवला तर तो ठणठणीत होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी फुगून भलतीच मोठी होते, म्हणाले. जंतू नसले तर आतडंसुद्धा धड घडत नाही. सभागृहातल्या माना वर आल्या. नर्सिंगची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "सर, मग आपण पेशंटला जी अँटिबायोटिक्स देतो, त्याने..."

तेवढ्यात चिठ्ठी आली. 'कृपया आवरते घ्या. फोटो.'

विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला जिओ-टॅग केलेला फोटो लागतो. अक्षांश-रेखांश आणि वेळ खाली उमटली की कार्यक्रम झाला. मुलीच्या प्रश्नाला अक्षांश-रेखांश नसतात. सगळे व्यासपीठावर चढले, बॅनर सरळ केला गेला, पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक जागे झाले आणि त्यांनी पाहुण्यांना विचारलं, "कंट्रोल काय घेतला होता?" गाढ झोपेतून उठून बिनधास्त विचारता येईल असा विज्ञानात हा एकच प्रश्न आहे.

मग अभिप्राय. क्यूआर कोड स्कॅन करून वक्ता विषयतज्ज्ञ वाटला का ते सांगायचं होतं. 1970 मध्ये अमेरिकेत एका नटाला 'डॉक्टर फॉक्स' म्हणून मानसोपचारतज्ज्ञ मंडळींपुढे व्याख्यान द्यायला उभं केलं होतं. विषयाचा गंध नसताना तो विनोद करत, स्वतःलाच खोडून काढत, ऐटीत बोलला. श्रोत्यांनी उत्तम शेरे दिले, आणि एकाने तर डॉक्टरसाहेबांचं लेखन आपण आधी वाचल्याचंही नोंदवलं. मीही पाच तारे दिले. भाच्याने माझ्याच फोनवरून मागच्या दोन रांगांचेही दिले.

निघताना प्रमाणपत्र मिळालं. 'आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टी या आंतरराष्ट्रीय परिसंवादात सक्रिय सहभाग घेतल्याबद्दल.' माझ्या आडनावात दोन चुका आहेत, पण लॅमिनेशन उत्तम. त्या मुलीलाही मिळालं. तिचा प्रश्न अजून माझ्याकडे आहे; पाहुणे रविवारी परत गेले.

भाच्याचा काल पुन्हा फोन आला. येत्या गुरुवारी यकृत आहे. नर्सिंगची परीक्षा असल्यामुळे बस येणार नाही. वाचकांपैकी कुणी मोकळं असेल तर जरूर या. जेवणात जिलबी आहे. फोटो पाऊण वाजता.