नवशिक्या राणीसाठी: एका राज्यात दोन पंथ कसे नांदवावेत

राणीसाहेब, गादीवर बसल्याबद्दल अभिनंदन. आपलं नाव एलिझाबेथ, वय पंचवीस, पंथ प्रोटेस्टंट आणि आजची तारीख १७ नोव्हेंबर १५५८, असं धरून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. कटंगीत बसून इंग्लंडच्या राणीला शिकवणी देणं आगाऊपणाचं दिसेल. पण मध्यप्रदेशातला आमचा बालाघाट जिल्हा महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. कुणाच्या घरात पोवारी, शाळेत हिंदी, सासुरवाडी गोंदिया-तुमसरकडे मराठीत. दोन्हीकडची मर्जी राखायचा सराव आम्हाला लहानपणापासून असतो.

आधी घरची शिल्लक तपासा. वडिलांनी १५३४ मध्ये पोपशी फारकत घेतली. धाकट्या भावाच्या राज्यात चर्चमधल्या मूर्ती फुटल्या. थोरल्या बहिणीने पोपला परत आणलं आणि सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं. म्हणजे चाळिशीतल्या रयतेचा धर्म सरकारने आधीच तीनदा बदललाय आणि आता चौथ्यांदा आपण बदलणार आहात. तेव्हा जरा दमानं.

सुरुवात पदापासून करावी. वडिलांसारखं चर्चचं ‘मस्तक’ होऊ नका. कॅथलिक म्हणतील मस्तक पोप, कडवे प्रोटेस्टंट म्हणतील मस्तक ख्रिस्त, आणि बाईमाणूस मस्तक कसं, यावर दोघांचंही एकमत होईल. १५५९ च्या कायद्यात ‘सर्वोच्च प्रशासक’ एवढंच लिहून घ्या. सत्ता तेवढीच राहते, ओरड कमी होते. जुने बिशप तरीही शपथ घेणार नाहीत. एकटा लँडॅफचा घेईल. बाकीच्यांना घरी बसवा, जाळू मात्र नका. बहिणीने जाळलेल्यांचे हुतात्मे झालेले आपण पाहिलेच आहेत.

आता प्रार्थनापुस्तक. प्रसादाची भाकर देताना पाद्र्याने काय म्हणायचं, यावर माणसं मरायला तयार आहेत. १५४९ च्या पुस्तकात ती प्रभूचं शरीर होती, १५५२ च्या पुस्तकात नुसती आठवण. आपण दोन्ही वाक्यं एकापुढे एक छापा. कटंगीच्या बाजारात गिऱ्हाईक दारात दिसताच दुकानदार मराठी काढायची की हिंदी ते ठरवतो, आणि अंदाज येईना तेव्हा दोन्हीची खिचडी करतो. तसंच हे. ज्याला जे ऐकायचं ते तो ऐकेल.

रविवारची हजेरी सक्तीची ठेवा. गैरहजेरीला दंड बारा पेन्स. गरिबाला तो टोचतो, जमीनदार हसत भरतो. इथे एक गंमत पाहायला मिळेल. नवरा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून हजेरी लावेल आणि बायको घरी लपवलेल्या पाद्र्याकडून लॅटिन मिसा ऐकेल. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसते, मग वसुली करायची कशाची? कारकून वर्षानुवर्षं डोकं खाजवतील. खाजवू द्या. लोकांच्या मनात खिडक्या पाडून डोकवायची आपल्याला हौस नव्हती, असं पुढे फ्रान्सिस बेकन लिहून ठेवणारच आहे.

स्वतःच्या देवघरात मात्र आपली आवड चालवावी. क्रूस ठेवा, मेणबत्त्या लावा, संगीतकार विल्यम बर्ड कॅथलिक असला तरी संगीत चांगलं देतो, त्याला काढू नका. यावर कडवे प्रोटेस्टंट, म्हणजे प्युरिटन मंडळी, पेटतील. त्यांच्याशी वागताना कॅथलिकांशी वागताना लागतो त्याहून जास्त संयम लागतो, कारण ते स्वतःला आपलीच माणसं समजतात. धर्मसभा बंद करायला नकार देणाऱ्या आर्चबिशप ग्रिंडलला आपण १५७७ मध्ये कामावरून दूर कराल. १५७९ मध्ये आपल्या लग्नाच्या बोलण्यांविरुद्ध पुस्तिका लिहिणाऱ्या जॉन स्टब्सचा उजवा हात तोडाल. तो डाव्या हाताने टोपी काढून ‘राणी चिरायू होवो’ म्हणेल. असल्या प्रजेचं काय करावं, ते या पुस्तिकेत नाही.

पुढचं पान फाडलेलं बरं. १५७० मध्ये पोप पाचवा पायस आपल्याला बहिष्कृत करून प्रजेला निष्ठेतून मोकळं करेल. त्या दिवसापासून आपल्या राज्यातला प्रत्येक कॅथलिक संशयित. दंड बारा पेन्सांवरून महिन्याला वीस पौंडांवर जाईल, १५८१ च्या डिसेंबरात जेझुइट या कॅथलिक संघातला एडमंड कँपियन टायबर्नला फासावर जाईल, १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेला पाद्री इंग्लंडात पाऊल ठेवताच राजद्रोही ठरेल. कारकीर्दीअखेर दीडशेहून जास्त कॅथलिक मारले गेलेले असतील. बहिणीचा आकडा गाठला नाही, एवढंच समाधान. माझ्या मते इथे आपण पोपच्या जाळ्यात अडकलात, पण सल्लागाराचं कोण ऐकतं?

ह्या सगळ्यात गळती होते, तिकडे लक्ष असू द्या. विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण निसटून रोमला जाईल आणि १५७५ मध्ये जेझुइट होईल. त्याच्याबरोबर निघालेला मित्र थॉमस पाउंड पकडला जाऊन सुमारे तीस वर्षं तुरुंग बदलत राहील. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोचेल. तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिकांचं धर्मन्यायालय, बसलंय, तिथल्या साष्टीतली देवळं पाडून झालीत. जाच चुकवायला निघालेला माणूस दुसऱ्यांच्या जाचाच्या राज्यात नोकरीला लागेल. त्याला त्यात काही खटकल्याचं दिसत नाही.

१५८३ च्या अखेरीस आपण अकबराच्या नावे पत्र देऊन पाठवलेले व्यापारी, राल्फ फिच आणि मंडळी, हेर म्हणून गोव्याच्या कोठडीत पडतील. जामिनाची खटपट कोण करेल? तोच, आपल्या कायद्यामुळे देश सोडलेला फादर स्टीफन्स. फिच पुढच्या वर्षी गोव्यातून पळून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाईल, म्हणजे आजच्या आमच्या मध्यप्रदेशातूनच.

आपण गादीवर बसल्यापासून जवळजवळ तीनशे वर्षांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला आपल्या गादीवरची आणखी एक प्रोटेस्टंट राणी जाहीर करेल की हिंदुस्थानी रयतेच्या धर्मात सरकार हात घालणार नाही. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली असतील, त्यामुळे तो जाहीरनामा कटंगीलाही लागू. पंथांच्या भांडणात ३०० वर्षं घालवल्यावर हे सुचलं, तेही १८५७ चा मार खाऊन.

स्टीफन्स इंग्लंडला परतला नाही. १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापून निघालं आणि १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. ते छापलं होतं रोमन लिपीत. आता देवनागरीतही मिळतं, जमल्यास मिळवून वाचा.