वतनदार पिफ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री पिफसाहेब, मुक्काम विंडोज, यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार.

फाइलच्या नावाअखेर टिंबापुढे आपण विराजमान असता, पण दिसत नाही, हे काय गौडबंगाल आहे म्हणून जुनी दफ्तरे चाळली असता असे आढळले, की १९८५ च्या सुमारास आयबीएमच्या टॉपव्ह्यू नामक प्रणालीच्या आश्रयाने आपला उदय झाला आणि पुढे आपण विंडोजच्या पदरी रुजू झालात. चाकरी मानाची नसली तरी उपयोगाची होती. सबंध यंत्र ही आपलीच खाजगी मिळकत, अशा तोऱ्यात वावरणारा डॉसचा प्रोग्रॅम विंडोजमध्ये नांदावयास आला, म्हणजे त्यास मेमरी किती द्यावी, कोणत्या फोल्डरात बसवावे, अवघा पडदा द्यावा की एक चौकट, एवढी याददास्त आपण बाळगीत असा. प्रोग्रॅम निराळा, आपण केवळ त्याचे कारकून!

मग अशा कारकुनास दोन विलक्षण सनदा कोणी बहाल केल्या? पहिलीच्या बळावर, आपले नाव लावलेल्या फाइलीच्या पोटात याददास्तीऐवजी सबंध ईएक्सई दडलेली निघाली तरी विंडोज ती निमूटपणे चालवते. दुसरी सनद रजिस्ट्रीत 'नेव्हर शो एक्स्ट' या नावाने दाखल असून, सर्व एक्स्टेन्शने दाखवावीत असा वापरणाऱ्याने स्पष्ट हुकूम सोडला तरी तो आपणांस लागू होत नाही, सबब 'पगारपत्रक.टीएक्सटी.पिफ' हा इसम 'पगारपत्रक.टीएक्सटी' एवढ्याच सोज्ज्वळ नावाने उभा राहतो. पहिल्या सनदेचे मोल २००३ साली सोबिग नामक संगणक-कृमीने बरोबर ओळखले आणि 'थँक यू', 'युअर डीटेल्स' अशी लाघवी नावे धारण करून, आपले बिरुद लावून, तो जगभरच्या ई-टपालात शिरला.

यात आपला अपराध तो काय? जुन्या गिऱ्हाइकांची खोटी होऊ नये म्हणून जे धनी कोणतीही सनद रद्द करावयास धजत नाहीत, त्यांची ही मेहेरबानी. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम मुळी चालतच नाहीत. म्हणजे चाकरी केव्हाच बुडाली, परंतु वतन काही खालसा झाले नाही.

सोबिगच्या 'एफ' अवताराने पसरणे थांबविण्याची तारीख, १० सप्टेंबर २००३, निदान आपल्या पोटात लिहून तरी ठेवली होती. आपली कोणती, ते सवडीने कळवावे, हे विज्ञापना.