धोक्याची पातळी चार फूट

नानांना पाण्यानंच पाडलं, पण ते पाणी कृष्णेचं नव्हतं. बाथरूमच्या फरशीवर सांडलेलं तांब्याभर पाणी होतं आणि त्यात साबण होता, हे ते भेटेल त्याला आवर्जून सांगतात. साबण नसता तर आपण पडलोच नसतो, हा त्यांचा दावा. उजवा घोटा मोडला, प्लेट आणि सहा स्क्रू बसले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही अशी ताकीद मिळाली. टाके पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं : पाण्यातले व्यायाम. ती चिठ्ठी वाचून, नापास होत आलेल्या पोराला पेपरात तोंडपाठ प्रश्न दिसावा, तसे नाना खुलले म्हणे.

आमची ओळख पुण्यातल्या त्या कोमट हौदात झाली. माझं प्रकरण साधंच. पन्नाशीत बॅडमिंटन, म्हणून गुडघ्याचं लिगामेंट. नाना मात्र पहिल्या दिवशी आले ते पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि सांगली घेऊनच. सांगलीच्या आयर्विन पुलावरून, जो 1929 पासून उभा आहे, पुराच्या पाण्यात उड्या टाकणाऱ्या पोरांत ते एके काळी होते. आता मुलाकडे पुण्यात राहतात, पण पावसाळ्यात सकाळचा पहिला फोन ठरलेला : ‘‘आयर्विनला किती?’’ तिथे 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा नाना पुण्यात होते, याची रुखरुख अजून आहे.

अशा माणसानं कठड्यावर रंगवलेला आकडा वाचला. चार फूट.

‘‘मॅडम, ह्यात आमच्याकडं म्हसरंसुद्धा बसायची नाहीत. मला पोहता येतं.’’

फिजिओथेरपिस्ट मुलगी असेल पंचवीस-सव्वीसची. तिनं एक सुस्कारा सोडला. तो कशाचा होता हे मला पुढे कळलं. अशा प्रत्येक हौदात एक नाना असतातच. कोकणातले असतील तर खाडीवाले, नगरकडचे असतील तर विहिरीतले. पाणी बदलतं, वाक्य तेच. आणि या वाक्याइतकं या मुलींना दुसरं कशाचं भय नसतं. पोहता न येणारा पेशंट गुमान दांडी धरतो आणि सांगाल तसा पाय टाकतो. पोहणारा पाय उचलतो आणि शरीर सवयीनं हातांच्या हवाली करतो. नाना एक पाऊल टाकत आणि उरलेली लांबी हातांनी मारून नेत. मोडका पाय मागून, वरातीतल्या पाहुण्यासारखा, काही न करता येई. शेवटी हुकूम सुटला, ‘‘काका, दोन्ही हात पाण्याबाहेर.’’ सगळा तास नाना पोलिसांना शरण आलेल्या दरोडेखोरासारखे हात वर करून फिरत होते.

खरी फजिती पुढेच होती. पहिल्या आठवड्यात मॅडमनी त्यांना गुडघे वाकवून गळाभर पाण्यात ठेवलं. गळ्यापर्यंत पाणी असलं की पायांवर वजन येतं जेमतेम दहावा हिस्सा. छातीएवढ्यात साधारण तिसरा, कमरेएवढ्यात निम्मं. नाना 82 किलोंचे, म्हणजे गळाभर पाण्यात आठ किलो. हा हिशेब त्यांना बेहद्द आवडला. ‘‘आठ किलो! बारशाला एवढा नव्हतो एवढंच!’’ पण पुढच्या आठवड्यात हाड जुळत आलंय म्हणून त्यांना छातीएवढ्या पाण्यात आणलं, मग कमरेएवढ्या. नाना बिथरले. घाटावर पोर आधी पायरीवर बसतं, मग कमरेत उतरतं, मग डोहात. शहाणं होत जाईल तसं खोल. इथे बढती उथळाकडे. नोकरीभर ज्यांनी एकही बदली मुकाट्यानं घेतली नाही, त्यांनी ही कशी घ्यावी? मॅडमची पाठ वळली की ते हळूच खोल बाजूला सरकत आणि तिथे गुडघे दुमडून, हनुवटी पाण्यावर ठेवून, आठ किलोंचे होऊन बसत.

‘‘काका, इकडे.’’

‘‘आलो की, पोरी. धार बघत होतो.’’

हौदात धार नव्हती. पाणी 34 अंशांवर ठेवलेलं, क्लोरीनचा वास येणारं, निपचित.

मग आली ती लांबलचक फोमची दांडी, जिला तिथे सगळे नूडल म्हणतात. नानांच्या वाट्याला गुलाबी आली. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ते पोहायला शिकले आणि सातव्या दिवशी डबा सोडून दिला. डबा सोडणं ही त्यांच्या आळीत मुंजीइतकी मोठी गोष्ट होती. आता सत्तरीत पुन्हा काखेत तरंगतं काहीतरी धरायचं, तेही गुलाबी! त्यांनी निळी मागितली. निळी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींकडे होती आणि आजी ती सोडेनात.

या आजी आयुष्यात एकदाच पाण्यात उतरलेल्या, हरिद्वारला, साखळी धरून. पहिले काही दिवस दांडीवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली मी पाहिली आहेत. पण त्यांना जे सांगितलं तेच त्या करत. टाच, मग तळवा, मग बोटं. नाना मात्र पाण्याशी झुंज घेत. या पाण्याची गंमत अशी, की वेग दुप्पट केलात तर ते जवळजवळ चौपट अडवतं. नाना जोर लावत तेवढे जागच्या जागी धापा टाकत. आजी रमतगमत मागून येत आणि म्हणत, ‘‘सरका हो नाना, वाट द्या.’’ महापूर अंगावर घेतलेला माणूस चार फूट पाण्यात बाजूला सरके.

त्यांची समजूत काढायला मॅडमनी एकदा रूझवेल्टची गोष्ट सांगितली. 1921 साली आजारानं त्याचे पाय गेले, 1924 मध्ये तो जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट झऱ्यात उतरला, पाण्यात आपल्याला उभं राहता येतं एवढ्यावर इतका खूश झाला की दोन वर्षांनी ती जागाच विकत घेतली. पाय पुरते परत आले नाहीत, पण अमेरिकेचं अध्यक्षपद आलं. नानांनी यातलं हवं तेवढंच उचललं. त्याच संध्याकाळी सांगलीला फोन गेला, ‘‘अरे, इथं अमेरिकेच्या अध्यक्षाची ट्रीटमेंट चालू हाय माझी!’’

पण सुटायचं कुणाला? हौदातून बाहेर येताना पाच पायऱ्या आहेत. तिथे माझ्यासकट सगळ्यांचंच नाक खाली येतं. पहिल्या पायरीला छाती जड होते, तिसरीला पोट, आणि शेवटच्या पायरीवर सगळे 82 किलो एकरकमी परत मिळतात. नाना तिथे दर वेळी क्षणभर थांबत. चड्डीतून पाणी निथळत असे, एक हात कठड्यावर. बोलणं बंद. प्लेट घातलेला तो घोटा पाहत उभे राहत. सूज मात्र खरोखर उतरली होती. पाणी चहूबाजूंनी सारखं दाबून धरतं, क्रेप बँडेजपेक्षा नेटकं, असं मॅडमनी सांगितलं होतं. नाना म्हणाले, ‘‘नदीनंच बांधलं म्हणायचं.’’ त्या दिवशी मॅडमनी दुरुस्ती केली नाही.

आता नाना काठी न घेता येतात. गेल्या आठवड्यात गुडघाभर पाणी झालं, आणि परवा तर शेवटच्या पायरीवर, बरोबर घोट्याएवढ्या पाण्यात, त्यांना दहा मिनिटं टाचा उचलायला लावल्या. सोमवारपासून त्यांना कोरडी फरशी मिळणार आहे. घरी मुलानं बाथरूममध्ये दांडी बसवली आहे आणि तांब्याची जागा बदलली आहे.

तुम्ही सांगलीकडचे असाल तर एक विनंती. घाटावर कुणी नानांची चौकशी केली तर ‘पुण्यात रोज पोहतात’ एवढंच सांगा. गुलाबी नूडलचं नाव काढू नका.