अण्णांचा फेरफार

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, नहरींतून गावाला पाणी दिलं आणि १६२६ मध्ये डोळे मिटले. मग चिरंजीव फतेह खान कारभारावर आले आणि त्यांनी गावाचं नाव करून टाकलं फतेहनगर. या शहरातला हा पहिला फेरफार. दुसरा १६५३ मध्ये औरंगजेबाने घातला आणि पुढच्या पाच वर्षांत सख्ख्या बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं. शहाजहान तिथे मरेपर्यंत आठ वर्षं राहिला. म्हणजे तसं पाहिलं तर मुलाने त्याला अखेरपर्यंत सांभाळलंच. तिसरा फेरफार २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्यावरच्या हरकती २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या. एवढी उज्ज्वल परंपरा पाठीशी असताना सिडकोतल्या एखाद्या चिरंजीवाने अण्णांचं घर हयातीतच नावावर करून घेतलं, तर त्याला बोल लावणारे आपण कोण?

त्यातून सरकारची साथ आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायची असेल, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. वर स्थानिक संस्थेचा काय तो अधिभार. तो मुलगा आनंदाने भरतो. अण्णांवरचा त्याचा तो शेवटचा मोठा खर्च असतो. २०० रुपयांत शहागंजात धड चप्पल येत नाही, पण तीस वर्षं हप्ते फेडून उभं केलेलं घर येतं. सिडकोचं असेल तर तेही मुळात लीजवर, म्हणजे जे पुरतं आपलं नव्हतं तेही अण्णा देऊन मोकळे होतात.

अशा एका सोहळ्याला साक्षीदार म्हणून मी हजर होतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पंखा, रांग, आणि खिडकीपलीकडे वेबकॅम. अण्णा जायकवाडीत नोकरी करून निवृत्त झालेले. ते चष्मा शोधू लागले तसा मुलगा म्हणाला, "अण्णा, उगं टेन्शन घेऊ नका, रूटीन मजकूर आहे. कॅमेऱ्यात बघा." भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करून बघणारे अण्णा कॅमेऱ्यात बघते झाले. अंगठा काही केल्या उमटेना. आयुष्यभर राबून रेषा झिजलेल्या. ऑपरेटरने तीनदा पुसून घेतला. शेवटी छापून आलेल्या कागदावर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोटो एकाखाली एक. नातवाच्या बारशानंतर बापलेक प्रथमच एका कागदावर आले होते.

"अण्णा, मृत्युपत्र का नाही केलंत?" असं मी हळूच विचारलं. घरात अशुभ बोलायचं नाही, म्हणाले. खरं तर मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि सून वाकडं बोलली की दुसऱ्या दिवशी नवं करता येतं. त्यात दोष एकच: ते बाप गेल्यावर लागू होतं आणि तोवर पोराला गोड वागावं लागतं. एवढा जाच कोणता सुपुत्र सहन करील? संत एकनाथ रंगमंदिरात 'नटसम्राट' बघून डोळे पुसत बाहेर पडलेली मंडळीसुद्धा सोमवारी निबंधकाच्या रांगेत असतात. बेळवलकरांची पोरं तसली, आपली नव्हेत!

आता काही खडूस लोक २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ काढतात. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पोराने सांभाळलं नाही, तर ते बक्षीस रद्द करून घेता येतं. वकील लावायची गरज नाही, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करायचा. गोम 'अटीवर' या शब्दात आहे. हरियाणातल्या एका आईने लेकींच्या नावे हक्कसोड केली. कागदात अट नव्हती म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. मध्य प्रदेशातल्या एका आईने मात्र बक्षीसपत्राबरोबर मुलाकडून सांभाळण्याचं वचनपत्र लिहून घेतलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने तिचं घर तिला परत दिलं. म्हणजे सगळा खेळ कागदावरच्या दोन ओळींचा. आमच्याकडे भिशीचा हिशेब लिहून ठेवतात, लग्नातल्या आहेराची वही वीस वर्षं जपतात. पण "मला मरेपर्यंत या घरात राहू द्यावं आणि दोन वेळ जेवू घालावं" असं पोराकडून लिहून घ्यायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. बहिणी तरी कुठे वेगळ्या! साडीचोळीवर हक्कसोड देतात आणि वर भावाला ओवाळतात.

या बाबतीत आपल्या शहरात कमालीचा सलोखा आहे, हे कबूल करायला हवं. गुलमंडीवर बक्षीसपत्र, रोशन गेटला हिबा. हिब्याला तर कागदही लागत नाही. बोललं, स्वीकारलं, ताबा दिला की झालं. नंतर पडवीतल्या खाटेवर दोन्हीकडचे म्हातारे सारखेच दिसतात.

लातूर जिल्हा परिषदेने मध्यंतरी फार नाजूक जागी हात घातला. आईबापाला न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापायचा ठरवला. दोषींत गुरुजीही निघाले. वर्गात 'मातृदेवो भव' शिकवून घरी जाणारे. कायद्याने मिळणारी पोटगी मात्र महिन्याला जास्तीत जास्त १० हजार. ही मर्यादा २००७ सालची. तेव्हापासून महाग झालं ते डाळ-तांदूळ आणि बीपीच्या गोळ्या, म्हातारे नव्हे.

महसूल खात्याचंही कौतुक करायला हवं. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं मेलेली माणसं मालक म्हणून नांदत होती. त्यांना उतरवून वारसांची नावं लावायला सरकारला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. जिवंत माणसांना उतरवायला मोहीम लागत नाही, २०० रुपये पुरतात.

एका बाबतीत मात्र सरकारने अण्णांच्या पोरावर घोर अन्याय केलाय. पेन्शन बक्षीस देता येत नाही. ती अण्णांच्याच खात्यात येते आणि अण्णा आहेत तोवरच येते. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की चिरंजीव स्वतः गरम पाणी काढून देतात, इस्त्रीचा सदरा घालतात, स्कूटरवर पुढे सरकून अण्णांना ऐसपैस जागा करून देतात आणि हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन जातात. रस्त्यातल्या खड्ड्यांतून गाडी जपून चालवतात. काउंटरवरच्या बाई विचारतात, "तब्येत कशी आहे काका?" अण्णा तोंड उघडायच्या आत मुलगा सांगतो, "एकदम ठणठणीत!"