टोपड्याचा झगा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

शाळेच्या स्नेहसंमेलनाची सूचना घरी पोचते तेव्हा तुमच्या हातात नऊ दिवस असतात. त्यांतले चार त्या सूचनेने दप्तराच्या तळाशी, सांडलेल्या चटणीच्या सहवासात काढलेले असतात. उरलेल्या पाचांतल्या पहिल्या दिवशी मुलगी जाहीर करते, "बाबा, मी जादूगार आहे. मला टोपीवाला झगा लागणार." अशा वेळी नवशिक्याने एकच पथ्य पाळावं. "त्यात काय, घरीच शिवू" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. माझ्या तोंडातून गेलं, म्हणून हे मार्गदर्शन लिहिण्याचा अधिकार मला मिळाला.

झगा भाड्याने आणता येतो, आणि त्यात कमीपणा नाही. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटात ॲलेक गिनेसने घातलेला तपकिरी टोपीवाला झगा लंडनच्या एका वेशभूषा भाड्याने देणाऱ्या कंपनीत वर्षानुवर्षं इतर कपड्यांत टांगलेला होता. तो कोणाचा हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. 'द ममी' चित्रपटात एका किरकोळ नटाच्या अंगावरसुद्धा तो येऊन गेला. पुढे ओळख पटली आणि २००७ साली लिलावात त्याला ५४,००० पौंड आले. आपल्या दुकानातल्या झग्याला मागच्या जादूगाराच्या घामाचा वास येतो, तो धुऊन घेतला की झालं.

नाहीच म्हणता? मग पॅटर्न निवडू.

आपल्याकडचा शिंपी पॅटर्न वापरत नाही. तो तुमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघतो, मापं वहीत टिपतो आणि खडूने थेट कापडावर रेघा ओढतो. याला बेतणं म्हणतात. ज्यांना ते साधत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. तोवर छापील नमुना मिळायचा तो एकाच मापाचा; लहानमोठा करायचा तो घेणाऱ्याने. बटरिकने ती कटकट मिटवली आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक मोठ्या आत्मविश्वासाने कापड वाया घालवू लागले.

पॅटर्नच्या पाकिटावरचं चित्र बघू नका. चित्रातलं मूल हात जरा फाकवून उभं असतं. ते जिना चढत नाही, वडा-पाव खात नाही, त्याला ऐन वेळी शू लागत नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात 'सोपा' असं छापलेलं असतं; कोणाला सोपा, ते छापलेलं नसतं. पाकीट उलटं करा. मागे कापडाचा तक्ता असतो. ४५ इंच पन्ह्याला किती लागेल याचा एक रकाना, ६० इंच पन्ह्याचा दुसरा. कोणता रकाना वाचला ते हातावर पेनने लिहून ठेवा. का, ते पुढे येईल.

मापाच्या नंबरावर विसंबू नका. अमेरिकन पॅटर्नमध्ये बायकांचा १२ नंबर म्हणजे ३४ इंच छाती. तिथल्याच दुकानातला तयार १२ नंबरचा कपडा त्याहून बराच ऐसपैस असतो. तेव्हा इंच मोजा. त्याहून महत्त्वाची ती माया. अमेरिकन पाकिटांत शिलाईची माया बहुधा धरलेली असते, पाच सूत. 'बुर्डा' या जर्मन मासिकातल्या पॅटर्नमध्ये ती धरलेली नसायची, आपण सोडायची. शिवाय त्या मासिकाच्या एकाच मोठ्या कागदावर दहा-बारा कपड्यांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या. लोकलच्या नकाशावर कोणी एसटीचा नकाशा छापावा, तसं. नवशिक्याने त्यातून झगा शोधायला जावं आणि विजारीचा पाय घेऊन परत यावं.

आता मुद्द्याचं. झग्याचा पॅटर्न निवडायचा म्हणजे टोपडं निवडायचं. खालचा झगा म्हणजे बाह्या फुटलेला परकर. तो कोणालाही जमतो. सगळी परीक्षा मानेच्या वर आहे.

टोपडी मुख्यतः दोन प्रकारची. पहिलं दोन तुकड्यांचं. डावा-उजवा असे दोन तुकडे, डोक्याच्या मधोमध एक शिलाई, मागे टोक. जादूगार, जोगी, यमदूत यांना हे शोभतं. दुसरं तीन तुकड्यांचं. दोन बाजू आणि मधून कपाळापासून मानेपर्यंत जाणारी एक लांब पट्टी. हे डोक्यावर गोल बसतं, टोक येत नाही, आणि ती पट्टी दोन्हीकडच्या वळणांना जोडताना माणसाच्या तोंडून पूर्वजांची आठवण निघते. नवशिक्याने दोन तुकड्यांचं घ्यावं. टोकदार टोपड्याची परंपराही मोठी आहे. इटलीतल्या कॅपुचिन साधूंना, ज्यांच्या पंथाला १५२८ साली पोपची मान्यता मिळाली, नावच त्यांच्या लांब टोपड्यावरून पडलं. त्यांच्या झग्याच्या तपकिरी रंगावरून कॉफीचं नाव आलं. दोनशे रुपयांना मिळणारा कॅपुचिनो पिताना आपण एका टोपड्याचं नाव घेत असतो.

माप असं घ्या. एका खांद्याच्या मुळापासून टेप डोक्यावरून दुसऱ्या खांद्याच्या मुळापर्यंत, सैलसर. त्याचं निम्मं म्हणजे टोपड्याची उंची. मूल त्या वेळी हसतं, टेप सरकतो, पुन्हा घ्या. खोलीच्या बाबतीत हावरटपणा नको. खोल टोपडं चित्रात फार गूढ दिसतं. रंगमंचावर त्यातून मुलाला स्वतःचे बूट तेवढे दिसतात.

आणि गळ्याशी ओढून बांधायची नाडी पॅटर्नमध्ये असेल तर ती गाळा. ही गंमत नाही. घसरगुंडीत अशा नाड्या अडकून मुलं दगावली आहेत; अमेरिकेत १९९६ साली मुलांच्या कोट-जाकिटांच्या टोपीला आणि गळ्याला नाड्या लावू नका अशी मार्गदर्शक सूचना निघाली ती त्यामुळेच. टिचबटण लावा. ओढलं की सुटतं.

एवढं सगळं मी जेवणाच्या टेबलावर आईला समजावून सांगत होतो. तिने ऐकून घेतलं, आतून गाठोडं आणलं आणि माझी लहानपणची कुंची काढली. खणाची, कडेला जर. मी ती उलटीसुलटी करून पाहिली. एक सरळ लांबट तुकडा, वरून दुमडलेला, मागे एक शिलाई, मानेशी चुण्या, खाली पाठभर सोडलेलं कापड. वळण एकही नाही, वाया गेलेली चिंधी नाही.

"याचा पॅटर्न कुठला?" मी विचारलं.

"कशाचा?" आई म्हणाली.

हेच मोठं करून शिव, असं तिचं म्हणणं होतं. पण तोवर मी परदेशी पॅटर्न पैसे भरून उतरवला होता आणि त्याची छत्तीस पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती. पैसे भरलेल्या माणसाला कुंची दिसत नाही.

छापील पानांबद्दल एक सांगतो. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, तो पट्टीने मोजायचा. माझा चार इंचांचा हवा होता, पावणेचार भरला. अमेरिकन कागद आपल्या ए-फोरपेक्षा रुंद. दुकानातल्या यंत्राने प्रत्येक पान जरासं आकसून कागदात बसवलं होतं. पाव इंचाने काय होतंय, असं मी म्हटलं. पाव इंच दर चार इंचांमागे असतो. चाळीस इंच उंचीच्या झग्यात त्याचे अडीच इंच होतात. हे गणित मुलीच्या चौथीच्या पुस्तकात आहे, माझ्या ते नंतर लक्षात आलं.

कापडाला रविवार पेठेत गेलो. मुलीला काळं हवं होतं. आई म्हणाली, संक्रांतीशिवाय काळं अंगावर घालायचं नाही, आणि संमेलन डिसेंबरात. तडजोड म्हणून जांभळी मखमल ठरली. नवशिक्याने मखमल घेऊ नये, हे ठळक अक्षरांत वाचा. मखमलीला लव असते. एक तुकडा लव वर करून आणि दुसरा खाली करून कापला तर एकाच झग्यात दोन जांभळे दिसतात. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवावे लागतात आणि कापड जास्त लागतं. त्यात मी तक्ता वाचला होता ६० इंच पन्ह्याचा आणि मखमल होती ४४ची. त्यात पाठीचा तुकडा घडीवर ठेवायचा, तो मी कडेवर ठेवला. पाठीचे दोन भाग झाले, मध्ये शिलाई आली. जादूगाराला कणा असतो, असं मी घरात सांगितलं.

टोपड्याला कापड उरलं नाही. पुन्हा दुकानात गेलो तर तागा संपलेला. घरात दिवाळीच्या पडद्यांतून वाचलेलं हिरवं सॅटिन होतं. रात्री साडेअकराला माणूस रंगसंगतीचा विचार करत नाही. मी टोपडं शिवलं. दोन तुकड्यांचं, मागे टोक, अगदी बेतशीर. आकसलेल्या पॅटर्नची भरपाई म्हणून झग्याच्या खाली दोन इंच जास्तीचे दुमडून ठेवले होते ते मात्र चांगलं केलं.

संमेलनात पडदा उघडला, मुलगी हातात कांडी घेऊन प्रकाशात आली, आणि तिने तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतलं बालवाडीतलं एक पोर आनंदाने ओरडलं, "वांगं!"

यंदाची सूचना काल आली. विषय आहे 'आपल्या भाज्या'. झगा गाठोड्यातच आहे, कुंचीच्या खाली. खालची दोन इंच माया तेवढी उसवायची आहे.