डॉक्टरांचे कान कोणी टोचावेत?

परतवाड्याहून बैतुलकडे निघालेल्या सडकेवर राज्याची सरहद लागते खरी. परंतु ही वार्ता त्या मुलखातील ढोरांच्या कानी अद्याप गेलेली नसल्यामुळे, 1956 पूर्वी अमरावती व बैतुल हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच सुभ्यात नांदत असताना ती जशी आजारी पडत, तशीच आजही पडतात. पशुवैद्य मात्र राज्यागणिक निराळा असतो, हे शरीरशास्त्राला न उमगलेले सत्य आमच्या विधिज्ञांना केव्हाच उमगले आहे.

संसदेने 1984 साली केलेला, आरंभी अवघ्या पाच राज्यांना लागू असलेला आणि महाराष्ट्राने मागाहून ठरावाने अंगीकारलेला भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम एका हाताने अखिल भारताची एक नोंदवही उघडतो आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक राज्यास आपापली वही बहाल करतो. सबब अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतून पदव्युत्तर होऊन बाहेर पडलेला एखादा तरुण बैतुलात स्थायिक झाला, तर त्याचे नाव महाराष्ट्र परिषदेच्या नागपूरच्या वहीतून मध्य प्रदेश परिषदेच्या भोपाळच्या वहीत नेण्याकरिता अर्ज मात्र दिल्लीस, भारतीय परिषदेकडे, रुजू व्हावयाचा. नाव म्हणजे काही बैल नव्हे, की कासरा धरला आणि घाटापलीकडे नेला!

वही असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. भोंदूंच्या सुईपासून मुक्या जिवाचे रक्षण तीच करते, आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव खोडावयाचे तर ते आधी कोठेतरी लिहिलेले असावे लागते. परंतु मध्यरात्री मेळघाटाच्या कडेचा शेतकरी फोनवर ‘डाक्तर, म्हस अडली जी, लवकर या!’ असा टाहो फोडतो, तेव्हा गोठा कोणत्या परिषदेच्या हद्दीत येतो याची रुजवात घेण्याइतका अवकाश त्या म्हशीपाशी नसतो. 2022 साली गुरांच्या लम्पी त्वचारोगाने वऱ्हाडात ठाण मांडले, तेव्हा सरकारने गुरांचे बाजार बंद केले, वाहतूक रोखली. पण माशा, डास व गोचिडांवर स्वार झालेल्या त्या विषाणूने बदलीचा अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

आणि गंमत अशी, की त्याच म्हशीच्या कानात सरकारने बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला टोचला आहे, जो धारणीत चालतो तसाच खंडव्यातही चालतो. तेव्हा डॉक्टरांच्याही कानात असाच बिल्ला टोचावा, अशी आमची नम्र सूचना आहे. मात्र ते कान नागपूरने टोचावेत, भोपाळने की दिल्लीने, याविषयीचा पत्रव्यवहार आटोपेपर्यंत डॉक्टरांनी सेवानिवृत्त होऊ नये.