बाल्कनीतली कढई

एका भांड्यात होणारं जेवण आमच्याकडे सोय म्हणून आलं नाही. दुसरं भांडं मिळेना, म्हणून आलं. गोव्याचं सॉसेज आणि बटाटे मी ज्या कढईत करतो, ती बाल्कनीत राहते. तुळशीपासून शक्य तितकी लांब, वॉशिंग मशीनच्या मागे. एक झारा, एक सुरी आणि एक लाकडी फळी हा तिचा परिवार. या मंडळींना स्वयंपाकघरात यायला बंदी नाही. येण्याआधी ओट्यावर वर्तमानपत्र अंथरायचं आणि जाताना त्यांना घासूनपुसून, ऊन दाखवून परत न्यायचं, एवढंच. नियम आईचा. आई अंडंही खात नाही. केक खाते, कारण त्यात ते दिसत नाही.

बाहेर मात्र मी हे जरा वेगळ्या शब्दांत सांगतो. ‘रविवारी मी वन-पॉट कुकिंग करतो.’ ऑफिसात डबे उघडताना हे वाक्य सहज टाकायचं. बायका कौतुकाने बघतात, पुरुष मान खाली घालून पोळीचा तुकडा भाजीत फिरवत बसतात आणि मला फार बरं वाटतं. स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाच्या कौतुकाचा भाव कधी उतरत नाही. रोज सकाळी दोन डबे भरून लोकल गाठणाऱ्या माझ्या बायकोला ‘अरे वा, तू पोळ्या करतेस?’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मी रविवारी एक कढई चढवतो आणि शुक्रवारपर्यंत तिचं कीर्तन करतो.

कृती तर काहीच नाही. सॉसेजच्या माळेचा दोरा कात्रीने कापायचा, मण्यांवरचं आतड्याचं आवरण सोलायचं, आतला लालभडक ऐवज कढईत टाकायचा. अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आच. तेल नको, मीठ नको, मसाल्याचा डबा उघडायलाही नको. थोड्या वेळाने चरबीच्या पांढऱ्या फोडी काचेसारख्या दिसायला लागतात, कडेने केशरी तेल सुटतं, त्यात उभा चिरलेला कांदा आणि मग बटाटे. लोक म्हणतात, किती सोपं! सोपं असणारच. जे काही अवघड होतं ते गोव्यात कुणीतरी करून, उन्हात वाळवून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मांडून ठेवलेलं असतं. मी फक्त पैसे दिलेले असतात.

या सॉसेजबद्दल मी बोलायला लागलो की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठतात. कुणाला फोन आठवतो, कुणाला दूध. तुम्हाला तसं काही आठवत नसेल तर सांगतो. गोव्यात त्याला चोरीस म्हणतात. डुकराचं मांस आणि चरबी यांचे जाड तुकडे करायचे. खिमा करायचा नाही, तुकडाच हवा. मीठ लावून वर वजन ठेवायचं म्हणजे पाणी निघून जातं. मग सुकी मिरची, लसूण, आलं, जिरं, हळद, मिरी, लवंग, दालचिनी हे सगळं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात वाटून चोळायचं. मुरलं की आतड्यात भरायचं, दोऱ्याने बांधत जायचं आणि वाळत घालायचं. काही घरांत वर चुलीचा धूरही देतात. मूळ पोर्तुगालातलं, पण तिकडे त्यात वाइन पडते, इकडे माडाने ती जागा घेतली. आणि हा उद्योग करायचा उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात मासळीचे हाल. आता तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदीच असते. तेव्हा मे महिन्यात सुकी मासळी, कोकम, मिरच्या, चिंच अशी बेगमी करायची, तिला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, आणि त्यातच ही माळ येते. बाहेर धो धो पाऊस, घरात मासा नाही, अशा दिवशी चार मण्यांत सगळं घर जेवावं म्हणून बटाटे घालायचे. म्हणजे बटाटा ही चव नव्हे, काटकसर. मला कोकणस्थांच्या तोंडात मारणारी काटकसर एवढ्या सुग्रास रूपात दुसरीकडे कुठे भेटलेली नाही.

आणखी एक. तोच तर मुख्य मुद्दा आहे आणि तो ऐकायला घरात कोणी उरलेलं नसतं. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला 1510 साली. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मिरची आली, बटाटा आला, दोन्ही अमेरिकेचे. आईच्या एकादशीच्या बटाट्याच्या भाजीत जिरं सोडलं तर चवीला त्याआधीचं उरतं काय? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही दक्षिण अमेरिकेतलाच. म्हणजे हे सगळे परदेशी पाहुणे सोवळं नेसून उपासाला बसले आणि बाल्कनीत काढलं ते या मातीत पिढ्यान् पिढ्या हुंदडलेल्या डुकराला! हे मी आईला एकदा सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘झालं? आता ते वर्तमानपत्र सरळ कर. कोपरा उघडा पडलाय.’

ही बाई सॉसेजच्या वाटेला जात नाही, पण ते शिजवते तीच. हॉलमध्ये पेपर वाचत असते, नाकाला पदर नाही, तोंड वाकडं नाही. ‘गॅस मोठा झालाय.’ ‘कांदा लागतोय, हलव.’ चरचर ऐकून कळतं तिला. बटाट्याचं तर तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ‘त्यात व्हिनेगर आहे म्हणालास ना? मग कच्चे बटाटे टाकू नकोस, जन्मात शिजायचे नाहीत. डाळ शिजायच्या आधी आपण चिंच घालतो का?’ आंबटात बटाट्याचं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि फोडी दडदडीत राहतात, हे शास्त्रीय कारण मी नंतर कुठेतरी वाचलं आणि आईलाच समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, ‘हो का?’ या दोन अक्षरांत तिने अख्खं रसायनशास्त्र कपाटात बंद केलं.

तेव्हापासून बटाटे तिच्या कुकरमध्ये, वरणभाताच्या शेजारच्या डब्यात, एक शिट्टी घेतात. मग ती ते सोलून, फोडी करून ओट्याशी येते आणि माझ्या कढईत वीतभर उंचीवरून सोडते. हात लागत नाही, डबा टेकत नाही, एक फोड बाहेर पडत नाही. वन-पॉट कुकिंगच्या माझ्या व्याख्यानात हा कुकर कधीच येत नाही. सिंकमध्ये मात्र येतो. ‘एकच भांडं ना?’ असं म्हणून बायको कुकर, त्याचं झाकण, शिट्टी, डबा, गाळणं अशी ओळीने माझ्यासमोर मांडते.

परवाच्या रविवारी बेल वाजली. समोरच्या काकू. ‘कसला हो वास येतोय?’ आवाज गोड होता. हा गोड आवाज मला ओळखीचा आहे. घर शोधत होतो तेव्हा एका ठिकाणी आडनाव विचारून झालं, नोकरी विचारून झाली आणि मग याच आवाजात ‘खाण्यापिण्याचं काय?’ असं विचारलं होतं. घर आवडलं होतं आम्हाला. खिडकीतून खाडी दिसायची. तिथून उतरताना जिन्यात कोणी काही बोललं नाही. माझ्या घरात वर्तमानपत्रं अंथरली जातात, कढईला वनवास आहे, मी त्यावर रोज कुरकुरतो. पण आमच्याकडे हे भांडण घरातलं आहे, आणि जिच्याशी भांडतो तीच बटाटे सोलून देते. दाराबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या ताटाचा वास घेणाऱ्यांशी काय भांडणार? माझ्या तोंडावर बरंच काही आलं होतं. 1510 पासून सुरुवात करणार होतो.

आई मधे आली. ‘लसणाचा आहे,’ म्हणाली. ‘आमच्याकडे शिजतंय.’

‘तुम्हाला चालतं?’

‘मी खात नाही. खाणारे खातात.’

‘कोण खातं बाई असलं!’

आईने त्यांच्या खांद्यावरून समोरच्या दाराकडे एकदा पाहिलं. ‘असतात हो,’ म्हणाली आणि शेवग्याच्या शेंगा कशा दिल्या हल्ली, याची चौकशी करून दार लावलं. मग आत जाऊन तिने आणखी दोन बटाटे धुतले. मी म्हटलं, ‘अगं, आपण तिघंच आहोत आणि त्यातली तू खात नाहीस.’ ती काही बोलली नाही. कुकर लावला.

साडेआठला काकूंचा मुलगा आला. तिशी उलटलेला, बँकेत अधिकारी, आमच्या सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सचा हिशेब दाखवायचा आहे असं घरी सांगून आला होता, म्हणून काखेत फाइल होती. फाइलमध्ये चार पाव होते.